एक पिल्लू घरी आणलंय, दुसरं खालीच राहिलंय. काय करू?

अकरावा_मजला (गुरुवार, रात्री ११:२०)

मंडळी, मदत हवी आहे. जरा पाल्हाळ लावते, सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. गेल्या रविवारी धो धो पावसात सोसायटीच्या मीटर रूममधून मांजराचं एक पिल्लू उचलून आणलं. होती दोन. आई चार दिवसांपासून दिसलेली नाही असं वॉचमनकाका म्हणाले. तेच बिचारे दुधात पाव कुस्करून ठेवत होते. एक हाताला लागलं, दुसरं मला बोचकारून गाडीखाली पळालं.

आणलेलं पिल्लू राखाडी पट्ट्यापट्ट्यांचं आहे. पहिले दोन दिवस वॉशिंग मशीनच्या मागून हललंच नाही. तिसऱ्या रात्री आपणहून बाहेर आलं आणि तेव्हापासून आमची झोप गेली. दिवसभर तंगड्या पसरून झोपतं. पहाटे साडेतीनला पडद्यावर चढतं. चादरीत पाय हलला की झेप. माझ्या मनगटावर मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर सगळ्या लाइनी उमटल्यात. मध्येच पोटावर चढून कणीक मळल्यासारखं मळतं, घुरघुरतं, आपल्याला भरून येतं आणि त्याच क्षणी कडकडून चावतं.

हे असंच असतं का? आणि मुख्य म्हणजे, ते दुसरं पण वर आणावं का? नवरा म्हणतो एकाने ही अवस्था, दुसरं आणलं तर आपण मीटर रूममध्ये राहायला जाऊ.

बोका_नं_१

फोटो कुठाय? फोटोशिवाय मांजराचा धागा म्हणजे फाऊल.

कोलबाडची_काकू

अगं काही विशेष नाही. आमच्या चाळीत कायम सात-आठ मांजरं. कोणी खोली दिली नाही की खेळणी आणली नाहीत. सकाळी बशीभर दूध, दुपारी मासळीची डोकी, संपला विषय. दूध थोडं कोमट करून दे, शांत झोपेल बघ. पहिले दोन दिवस लपणारच, नवी नवरी नाही का माजघरातून बाहेर येत नाही.

खाडीवारा

काकूंची नव्या नवरीची उपमा एकदम बरोबर. (दुधाबद्दल कोणीतरी येईलच आता, मी नाही बोलत.)

पिल्लाच्या बाजूने बघा. कालपर्यंत त्याचं जग म्हणजे एक मीटर रूम, एक भावंड आणि आईचा वास. तिथून उचलून एकदम वन बीएचके, त्यात मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही. सगळ्यात अरुंद, अंधारी जागा शोधणं हाच त्याचा शहाणपणा. त्याला ओढून बाहेर काढू नका. आम्ही ऐरोलीला पहिली मांजर आणली तेव्हा माझ्या भावाने हौसेने सोफा उचलला. पुढचे चार दिवस ती कपाटामागे.

एकच खोली द्या. एका कोपऱ्यात लिटरचा (शी-शूसाठीच्या वाळूचा) ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात खाणंपिणं. जवळजवळ ठेवू नका, संडासात पान मांडलेलं कोणाला आवडेल? एक पुठ्ठ्याचा खोका आडवा, त्यात तुमचा जुना कुर्ता. मग जमिनीवर बसून आपलं काहीतरी वाचत राहायचं. त्याने बघितलं तर रोखून बघायचं नाही, डोळे हळूच मिटून हळूच उघडायचे. मांजरांच्या भाषेत टक लावणं म्हणजे दमदाटी. तेही एक दिवस तसेच डोळे मिटेल.

पशुवैद्य_खारघर

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. पिल्लाचं नंतर, आधी तुमचं. रविवारी बोचकारलं, आज गुरुवार. त्या वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली होती का? धुतली असली तरी उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. सरकारी रुग्णालयातही मिळते. बाहेरचं पिल्लू आहे, आई बेपत्ता आहे, इथे अंदाजपंचे नको.

आता पिल्लू. डोळे अजून निळसर आहेत की रंग बदललाय? साधारण सातव्या आठवड्याच्या सुमाराला निळा जाऊन खरा रंग दिसू लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पहिल्या काही महिन्यांत ढोबळमानाने महिन्याला साडेचारशे ग्रॅम धरतात, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू नऊशेच्या आसपास. जंताचं औषध लगेच. तीन आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर.

दूध बंद. गाईम्हशीच्या दुधातली साखर बहुतेक मांजरांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे गंमत नव्हे. पिल्लांसाठीचं ओलं खाणं दिवसातून चार वेळा थोडं थोडं. उकडलेलं चिकन चालेल, पण महिनोन्महिने नुसतं तेच नको. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्हीवर परिणाम होतो.

कोलबाडची_काकू

आमची मांजरं दूध पिऊनच मोठी झाली हो डॉक्टर.

पशुवैद्य_खारघर

काकू, जी मोठी झाली ती तुम्हाला आठवतात.

कोलबाडची_काकू

हं. तसं म्हणाल तर एका वेतातली चार असली तर दोन उरायची. आम्ही म्हणायचो बोक्याने खाल्ली. बघितलं कोणीच नव्हतं.

सानपाडा_लोकल

मूळ प्रश्नावर येतो. आणा. आजच आणा. आमचा अनुभव सांगतो.

२०१९ला एकुलतं एक पिल्लू आणलं, सहा आठवड्यांचं असेल. गोड गोड म्हणून हातानेच खेळवलं. चावला की आम्ही हसायचो. चार महिन्यांचा झाल्यावर दुधाचे दात पडून पक्के आले आणि हसू मावळलं. पिंढऱ्या, टाचा, पाहुण्यांचे अंगठे. एका नातेवाइकांनी आमच्याकडे येणं सोडलं (हा फायदाच झाला, पण ते असो).

नंतर कळलं की जोरात चावू नये हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. एक जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबवतं. आई पण एक ठेवून देते. आठ-बारा आठवडे त्यांच्यात राहिलं की किती चावायचं याचा काटा बसतो. तुमच्याकडे त्याची शाळा अर्ध्यात सुटली आहे, आणि वर्गमित्र खाली गाडीखाली बसलाय. दोन पिल्लं एकापेक्षा सोपी असतात, हे ऐकायला येडेपणा वाटेल, पण पहाटे साडेतीनला ती एकमेकांना धरतात, तुम्हाला नाही.

तोवर हात हे खेळणं नाही. काठीला दोरी, दोरीला पीस. चावला तर हात झटकू नका, झटकलं की शिकार पळतेय असं वाटून आणखी धरतो. सैल सोडा, उठून निघून जा.

नाही_म्हणजे_नाही

वरच्या प्रतिसादाला तीव्र असहमती. 'आजच आणा' असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

मी कळव्याला राहते. तीन वर्षांपूर्वी घरी एक पिल्लू होतं, लस राहिली होती. पुलाखाली दुसरं सापडलं, कळवळून थेट हॉलमध्ये आणलं. दोघं एका ताटलीत जेवली, मी व्हिडिओ काढला. पाचव्या दिवशी नवं गळाठलं, उलट्या, पाण्याच्या वाटीवर तोंड धरून बसायचं पण प्यायचं नाही. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, विषाणूचा जीवघेणा आजार. ज्या दवाखान्यात नेलं तिथे आधी 'गॅस झालाय' म्हणून परत पाठवलं. ते गेलं आणि आठवड्याने आमचं पण. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे, पुसवत नाही.

म्हणून सांगते. आणायचं तर आणा, पण दोन आठवडे वेगळं. बाथरूम चालेल. भांडी वेगळी, ट्रे वेगळा, हात धुऊन, कपडे बदलून. तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, नेहमीच्या फिनाईलने मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचने मरतो. आणि खर्च दुप्पट होतो हे नवऱ्यापासून लपवू नका.

पशुवैद्य_खारघर

यांचं बरोबर आहे. सानपाडा_लोकल यांचंही बरोबर आहे. आधी तपासणी आणि विलगीकरण, मग एकत्र.

फिनाईलवरून आठवलं, ज्या घरात मांजर आहे तिथे फिनाईल नकोच. मांजराच्या यकृताला ते निचरा करून टाकता येत नाही. फरशीवरून चालणार, पंजे चाटणार, झालं. डांबराच्या गोळ्या कपाटाबाहेर नकोत. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्यांसाठीचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. आणि फुलदाणीत लिली असेल तर ती शेजाऱ्यांना देऊन टाका.

अकरावा_मजला (शुक्रवार, दुपारी)

बापरे. सासूबाई कालपासून दिवसातून दोनदा फिनाईल टाकतायत, कारण त्याने देवघरासमोर शू केली. बाटली आताच बाहेर ठेवली.

मी लस घेऊन आले, पुढच्या तारखा लिहून दिल्यात. पिल्लू ७८० ग्रॅम, डोळे हिरवट व्हायला लागलेत. डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांच्या आतबाहेर. जंताचं औषध दिलं, त्यातलं अर्धं माझ्या ओढणीवर आहे.

बोका आहे की भाटी ते विचारायचं राहिलं!

खाडीवारा

शेपटी उचलून बघा. दोन टिंबं एकाखाली एक, मध्ये थोडं अंतर, म्हणजे विसर्ग दिसला तर बोका. टिंब आणि त्याला लगटून छोटी उभी रेघ, म्हणजे उलटं उद्गारचिन्ह, तर भाटी.

अकरावा_मजला

विसर्ग!

मुक्ताफळं

मग नावातही विसर्ग हवा. 'निःशब्द' ठेवा, पहाटे साडेतीनला शोभेल.

बोका_नं_१

पडद्याला लोंबकळतो, सासूबाईंच्या पदराला पण लोंबकळत असणार. नाव उघड आहे. दुःशासन.

अकरावा_मजला

😂 लोंबकळतो! सासूबाई पदर खोचून बसतात आता. नाव मंजूर. नवऱ्याने लगेच 'दुश्या' करून टाकलं.

मुक्ताफळं

अवांतर: पोटावर मळताना मांजर काढतं तो आवाज मराठीत नक्की काय म्हणायचा? गुरगुर तर कुत्र्याची, ती रागाची. अकरावा_मजला यांनी घुरघुर लिहिलंय. आमच्या आजोळी, रोह्याकडे, 'मांजर जातं दळतंय' म्हणायचे.

कोलबाडची_काकू

आम्ही पण घुरघुरच. पण जातं दळतंय छान आहे, आवाज तस्साच. आणि ते कणीक मळणं म्हणजे आईला पितानाची सवय, दूध उतरावं म्हणून आचळाला असं दाबतात. एवढं मला डॉक्टरांशिवाय माहिती आहे.

पशुवैद्य_खारघर

शंभर टक्के बरोबर काकू. फक्त जातं दळणारं मांजर सुखातच असेल असं नाही. दुखत असताना, घाबरलेलं असतानाही दळतात. खाणं बंद करून कोपऱ्यात बसून दळत असेल तर दवाखाना.

श्वानप्रेमी_वाशी

कुत्रा पाळा. हाक मारली की येतो.

सानपाडा_लोकल

मांजरपण ऐकतं. येत नाही, एवढंच.

नेरुळची_नीज

अकरावा मजला वाचून पोटात गोळा आला. खिडक्यांचं काय केलंय? आमचा बोका चौथ्या मजल्यावरून पडला. मांजर पायावर पडतं हे खरं, पण पायावर पडल्यानेच त्याचा जबडा फुटला. पाय टेकतात आणि वेगाने हनुवटी जमिनीवर आपटते. तारेने जबडा शिवून महिनाभर भरवावं लागलं. जगला. कशासाठी पडला? कबुतर.

अकरावा_मजला

बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, चालेल ना?

नेरुळची_नीज

नायलॉनची? ती कबुतराला आत येऊ देत नाही, मांजराला बाहेर जाऊ देते. नखं अडकवून चढतात, दातांनी कुरतडतात, उन्हाने ती आधीच कुजलेली असते. खालच्या कडेला बोट घालून ओढून बघा, दोन हुकांच्यामध्ये डोकं जाईल एवढी फट निघतेच. स्टीलची बारीक जाळी पक्क्या चौकटीत बसवून घ्या. सरकत्या खिडकीचा मच्छरजाळीचा भाग तर मांजराने नुसती पाठ घासली तरी सरकतो. जाळी बसेपर्यंत ती खोली बंद.

उपवनकर

दुसरं पिल्लू पकडायचं कसं ते कोणीच सांगितलं नाही. मी येऊरच्या पायथ्याशी गेली काही वर्षं मांजरं धरून नसबंदीला नेतोय, तर माझे दोन पैसे.

आधी आई खरंच नाही ना, याची खात्री. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते काही उगाच नाही, धोका वाटला की जागा बदलते आणि एकेक करून नेते. पण इतके दिवस दिसलेली नाही म्हणजे आता वाट बघण्यात अर्थ नाही.

पाठलाग बंद. जितके वेळा धराल तितकं ते शहाणं होईल. वॉचमनकाकांना सांगून दूधपाव बंद करा. रोज एकाच वेळी, गर्दी नसताना, एकाच जागी खाणं. पहिल्या दिवशी पिंजऱ्याच्या बाहेर, दुसऱ्या दिवशी दाराशी, तिसऱ्या दिवशी पार आत. वर जुनी चादर टाका, अंधार असला की जातं. थोडी भाजलेली सुकट ठेवली की वास मीटर रूमपर्यंत पोचतो (वासापुरती, खायला जास्त देऊ नका, खारट असते). आत गेलं की दार लावायचं आणि पिंजरा पूर्ण झाकायचा. शांत होतं.

आणि दुश्याचा झोपलेला फडका खाली घेऊन जा. भावाचा वास.

अजून एक. बहीण निघाली तर पाच महिन्यांच्या आत दोघांची नसबंदी. मांजरं चौथ्या महिन्यातसुद्धा माजावर येतात आणि भाऊबीज वगैरे पाळत नाहीत.

अकरावा_मजला

बहीणच असावी का? पांढरी, केशरी आणि काळी अशी तीन रंगांची आहे.

खाडीवारा

मग शेपटी उचलायची गरजच नाही, भाटी. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. केशरी आणि काळा दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात. तीनरंगी बोका सापडतो, पण अगदीच क्वचित. तो जनुक नेमका कोणता, याचं संशोधन २०२५मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी प्रसिद्ध केलं. इतकी वर्षं आपण सगळे नुसते रंग बघत होतो.

बोका_नं_१

दुःशासनाची बहीण म्हणजे दुःशला. शंभर कौरवांत एकच.

मुक्ताफळं

पण भाटीच्या नावात विसर्ग? व्याकरणात बसत नाही.

अकरावा_मजला (पुढचा बुधवार)

सापडली! उपवनकरदादा, तुमची सुकट. तिसऱ्या रात्री, पावणेबाराला. वॉचमनकाकांनी दार लावलं, माझा हात थरथरत होता.

आता खरी पंचाईत ऐका. तिला पाहुण्यांच्या बाथरूममध्ये ठेवलीय, सगळे नियम पाळून. डॉक्टरांनी तपासली, ७१० ग्रॅम, कानात किडे होते, त्याचं औषध चालू आहे. मला वाटलं होतं दुश्या तिचा वास येताच वेडा होईल. तो बाथरूमच्या दारापाशी गेला, फटीला नाक लावलं, अंग दुप्पट फुगवलं आणि असा फिसकारला की नवरा मागे सरकला. सख्खी बहीण! दहा दिवसांपूर्वी एका खोक्यात झोपत होती! एवढ्यात विसरला?

पशुवैद्य_खारघर

चेहऱ्याने तो ओळखतच नव्हता, वासाने ओळखत होता. त्याला आता तुमच्या घराचा वास आहे, तिला मीटर रूमचा, दवाखान्याचा आणि कानातल्या औषधाचा. घाई नको. तपासण्या नीट आल्या आणि विलगीकरण संपलं की फडक्यांची अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला द्या. मग फटीतून बघू दे.

कोलबाडची_काकू

आमच्याकडे बाळंतपणाहून आलेल्या बाईला थोरलं पोर असंच करतं.

नाही_म्हणजे_नाही

दोन आठवडे वेगळी ठेवताय, वाचून बरं वाटलं.

अकरावा_मजला (साधारण तीन आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून इथेच लिहिते. स्टीलची जाळी बसली. दोघांची पहिली लस झाली, आजारी कोणी पडलं नाही. मागच्या शनिवारी दार उघडलं. आधी फिसकारणं, मग एकमेकांच्या शेपटीखाली सविस्तर चौकशी, मग अर्ध्या तासाने सोफ्यावरून खाली, टीपॉयखालून वर, सासूबाईंच्या पायावरून पलीकडे. सासूबाईंचं मत होतं तेच आहे, फक्त आता बहुवचनी आहे.

चावण्याबद्दल. काल दुश्याने तिचा कान धरला. ती किंचाळली आणि पाठ फिरवून पलंगाखाली गेली. तो तिथेच बसून राहिला, पंजा उचललेला, खाली ठेवायचा विसरल्यासारखा. मग पलंगाखाली वाकून बघितलं. पाच मिनिटांनी पुन्हा धरला, पण हलका. मी महिनाभर किंचाळत होते तेव्हा ढिम्म थांबला नव्हता.

पहाटे साडेतीनची वेळ मात्र दोघांनाही तोंडपाठ आहे.

सानपाडा_लोकल

झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दमवा, मग पोटभर खायला द्या. शिकार, जेवण, आंघोळ, झोप हा त्यांचा क्रम. साडेतीनचे साडेपाच होतील. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

बोका_नं_१

फोटो???

अकरावा_मजला

टाकलाय बघ. डावीकडे दिसतेय ती दुश्याची शेपटी, उजवीकडे दुःशलाची. मधलं पूर्वी पडदा होता.